इन्व्हर्जनमधील भार: मोजून ठरवावेत की भूरचना पाहून?

धागाकर्ता:
इन्व्हर्जन म्हणजे पृष्ठभागावरच्या मोजमापांवरून जमिनीखालच्या रचनेचे मॉडेल काढणे; त्यात कोणत्या मोजमापाला वा मॉडेलवरच्या अटीला किती महत्त्व द्यायचे, ते भार ठरवतात. 'मॉडेल पटेपर्यंत भार बदलले' असे एखाद्या अहवालात वाचले की त्यावर विश्वास ठेवणे मला जड जाते. मोजमापाचा भार त्यातील अनिश्चिततेच्या व्यस्त असतो आणि ही अनिश्चितता बरीचशी मोजता येते. रोधकता सर्वेक्षणात (जमिनीत वीजप्रवाह सोडून विभव, म्हणजे विद्युतदाब, मोजताना) प्रवाहाचे व विभवाचे इलेक्ट्रोड अदलाबदल करून वाचन पुन्हा घेतले, तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. जो फरक पडतो, तो गोंगाटाचा अंदाज देतो. सरसकट ५ टक्के त्रुटी धरल्यास २० मिलिव्होल्टच्या वाचनाला १ मिलिव्होल्टची मुभा मिळते, पण दूरच्या इलेक्ट्रोडवरील ०.२ मिलिव्होल्टच्या वाचनाला केवळ ०.०१ मिलिव्होल्टची. उपकरणाचा गोंगाटच ०.१ मिलिव्होल्ट असेल, तर असली मोजकी वाचने सगळे मॉडेल आपल्याकडे ओढून घेतात.

प्रतिसाद १:
असहमत. इलेक्ट्रोड ठरल्या जागेपासून अर्धा मीटर सरकलेला असेल, तर अदलाबदलीनंतरही दोन्ही वाचने तंतोतंत जुळतील आणि दोन्ही चुकीचीच असतील. शिवाय मॉडेलवरचे भार कोणते उपकरण मोजणार? गुरुत्वाच्या इन्व्हर्जनमध्ये खोलीचा भार (खोलवरच्या भागांचा क्षीण परिणाम भरून काढणारा) दिला नाही, तर सगळी घनता पृष्ठभागालगत गोळा होते. खडक किती खोलवर असावा, हे बोअरहोल आणि भूरचनेची जाणच सांगते.

धागाकर्ता:
इलेक्ट्रोडच्या जागेचा मुद्दा मान्य. ती त्रुटी वेगळी धरावी लागेल. पण खोलीच्या भाराचा घातांकही भौतिकीतूनच येतो, कारण गुरुत्वाचा परिणाम अंतराच्या वर्गाने घटतो आणि चुंबकीय द्विध्रुवाचा घनाने.

प्रतिसाद २:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. लघुता (मॉडेल संदर्भमूल्याजवळ ठेवणे) आणि सलगता (मॉडेलच्या शेजारच्या पेशींत, म्हणजे तुकड्यांत, फरक कमी ठेवणे) या मॉडेलवरच्या दोन्ही पदांना अनेक जण १ हाच भार देतात. सलगतेच्या पदात मीटरने भागलेला उतार असतो, त्यामुळे २५ मीटरच्या पेशींसाठी या १ आणि १ चा अर्थ १ मीटरची लांबी (मॉडेल जितक्या अंतरापर्यंत सलग राहते ती) असा होतो आणि सलगता जवळपास नाहीशी होते. दोन पेशींइतकी, म्हणजे ५० मीटरची लांबी हवी असेल, तर सलगतेचा भार १ धरून लघुतेचा भार ०.०००४ (१ भागिले ५० चा वर्ग) ठेवावा लागतो.

प्रतिसाद १:
हिशेब बरोबर आहे, पण ५० मीटरच का? पातळ डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या खडकाची भिंत) शोधायची असेल, तर हीच लांबी तिला पुसून टाकेल. ती निवड करताना मी बोअरहोलचाच आधार घेईन, आणि तीन वेगवेगळ्या लांबींची मॉडेले अहवालात शेजारी-शेजारी देईन.