अनुभव धागा : पहिल्यांदा पोकरच्या खऱ्या टेबलावर बसलात तेव्हा काय चुकलं?

कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या गच्चीवर दर शनिवारी रात्री पाच-सहाजणांचा पोकरचा अड्डा असतो. चिंचोक्यांवर खेळतो, पैसा मध्ये आणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन गेम बंद केले. तेव्हापासून अ‍ॅपवर शिकलेली बरीच पोरं पहिल्यांदाच समोरासमोर खेळायला लागली आहेत. मागच्या शनिवारी असाच एक नवा मुलगा आला होता. पानांची समज चांगली, पण तासाभरात तीनदा अडकला आणि तिन्ही वेळा पानांमुळे नव्हे. म्हणून हा धागा. हरल्या-जिंकल्याचे आकडे नकोत, चूक नेमकी कशी झाली ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. हातात राण्यांची जोडी, पुढच्याने ३०० लावलेले. मला ९०० करायचे होते. तोंडाने काहीच न बोलता ३०० च्या चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) पुढे सरकवल्या आणि उरलेल्या आणायला हात मागे नेला. डीलरने, म्हणजे पानं वाटणाऱ्याने, तळहात आडवा धरला, "सर, फक्त कॉल." म्हणजे नुसती बरोबरी. अ‍ॅपवर आकडा टाकला की काम झालं असतं. इथे माझा रेज (रक्कम वाढवणं) गेला, मागचे दोघे स्वस्तात आत आले आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, राण्यांपेक्षा मोठा एक्का पडला. आता आधी "रेज, नऊशे" म्हणतो आणि मगच चिप्सना हात लावतो.

शाहूपुरीची

माझा अनुभव घरच्या खेळातला, चिंचोक्यांवरचाच. पण अजून आठवला की जिवाला लागतो. टेबलावर सगळ्यांची सामायिक पाच पानं : बदामाचा एक्का, नव्वी, चव्वी, इस्पिकची दश्शी, किलवरचा गुलाम. माझ्याकडे गुलाम-दश्शी, म्हणजे दोन जोड्या. समोरचा म्हणाला, "फ्लश," म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, दोन जोड्यांपेक्षा मोठी. मी विश्वास ठेवला आणि माझी पानं उपडी करून टाकलेल्या पानांत सरकवली. मग त्याने उघडली : बदामाचा राजा आणि सत्ती. सत्ती चौकटची होती! पिवळ्या बल्बखाली त्याला ती बदामाची वाटली, लबाडी अजिबात नव्हती. पण माझी पानं ढिगात मिसळली होती, डाव त्याचा झाला. समोरच्याची दोन्ही पानं उघडी दिसेपर्यंत मी आता माझी हातातून सोडत नाही. आणि शेवटी स्वतःची उताणी मांडते, काय झालं ते टेबलच बघतं.

गडहिंग्लजचा डीलर

चार वर्षं गोव्यात पानं वाटली, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. वरच्या दादांना थांबवणारा डीलर बरोबर होता. थोड्या चिप्स टाकायच्या, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग वाढवायच्या, हे होऊ नये म्हणून तो नियम आहे. नवे लोक आणखी एका गोष्टीत हमखास फसतात. १०० ला कॉल आहे आणि तुम्ही न बोलता ५०० ची एकच चिप टाकली, तर तो कॉलच धरतात, रेज नाही. डीलरशेजारी बसलात तर पानांवर एक चिप ठेवा. वर काही न ठेवता सोडलेली पानं टाकलेली समजून ओढली गेली तर परत मिळत नाहीत. माझ्या हातून असं एकदा झालंय. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

कागलकर

भावांनो, पैशाचं मी लिहितो, कारण ते कोण लिहिणार नाही. उसाचं बिल आलं होतं. आजऱ्यावरनं आंबोली उतरून संध्याकाळी पणजीत पोचलो, जेवलो आणि रात्री अकराला टेबलावर. दिवसभर गाडी चालवून डोळे जड झालेले. ठरवलेले २५ हजार दोनच्या आत संपले. तिथं उठायला पाहिजे होतं. बँकेचं कार्ड काढलं.

एक डाव सांगतो. चार पानं इस्पिकची, पाचवं हवं, शेवटचं एकच पान यायचं बाकी. पॉटमध्ये, म्हणजे त्या डावात जमलेले, ६ हजार, समोरच्याने ४ हजार लावले. न दिसलेल्या ४६ पानांत माझी ९, म्हणजे वीस टक्क्यांच्या आत. आणि मी १४ हजारांच्या पॉटसाठी ४ हजार देत होतो, त्याला निदान २९ टक्के हवेत. हा हिशेब मला येत होता. घरी बसून दहा सेकंदात केला असता. त्या रात्री केलाच नाही, कारण मला गेलेले परत पाहिजे होते. पहाटे पाचला उठलो. बायकोला सांगायला तीन दिवस लागले. आता गेलोच तर रोख नेतो, कार्ड कोल्हापुरातच ठेवतो आणि पहिल्या रात्री नुसता झोपतो.

उद्यमनगर

मला कंटाळ्याने खाल्लं. अ‍ॅपवर तासाला साठ-सत्तर डाव व्हायचे, टेबलावर पंचवीस-तीस. एवढं थांबवेना, म्हणून राजा-तिर्रीसारखी कमकुवत पानंसुद्धा खेळत बसलो.

नवा_भिडू

धाग्यातला तो नवा मुलगा मीच. तीन चुकांपैकी दोन वर आल्याच : न बोलता चिंचोके सरकवून मग वाढवायला गेलो, आणि पानांवर काही न ठेवता ती तशीच सोडली. तिसरी ही, की माझी पाळी नसताना मी पानं टाकली. माझ्या आधीच्या काकांना कळलं की मागे एक माणूस कमी झाला, त्यांनी लगेच रेज केला आणि त्याचा फटका पलीकडच्या ताईंना बसला. खेळ माझा, नुकसान त्यांचं, हे मला खरंच लागलं. ताई काही बोलल्या नाहीत, नुसतं बोटाने दाखवलं, "आधी ते, मग तू." येत्या शनिवारी मी त्यांच्या डाव्या हाताला बसणार आहे, म्हणजे त्यांचं झालं की माझी पाळी.