पाच हजारांचा फिल्टर आणि न वाढलेले घोडे

बोरघाट रिटर्न
माझी पोलो जीटी टीएसआय. १.२ लीटर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), कंपनीतून १०५ पीएस ताकद (आपल्या भाषेत घोडे), १७५ एनएम टॉर्क. गेल्या महिन्यात कापसाचा तेलवाला पॅनेल एअर फिल्टर टाकला, मूळ डब्यातच बसणारा. पाच हजारांच्या वर गेले. मित्र म्हणाले, पिकअप जाणवेल. जाणवला की! दोन दिवस मी हवेतच होतो.

मग शंका आली. भावाला म्हटलं, तू फिल्टर बदल, कोणता टाकलास ते मला सांगू नकोस. त्याच रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या. दोनदा ओळखलं, दोनदा आपटलो. छापा-काटा केला असता तरी हेच झालं असतं.

माझं मत: स्टॉक (फेरफार न केलेल्या) टर्बो गाडीत नुसत्या फिल्टरनं ताकद वाढत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, फिल्टरकडे नाही, मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळीतल्या) दाबाकडे बघतं. दाब कमी पडला तर टर्बोला जरा जास्त पिटाळतं. हवेची वाट मोकळी केलीत तर टर्बोचे कष्ट वाचतात, घोडे तेवढेच राहतात. बोला.

वेस्टगेट बंद
स्टॉक गाडीपुरतं मान्य. पण हे वाचून उद्या रीमॅपवालेही (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेले) फिल्टर काढून फेकतील, म्हणून लिहितोय. टर्बो आधीच टोकाला फिरत असेल, वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन जास्तीचा एक्झॉस्ट सोडणारी झडप) पूर्ण मिटलेला असेल, तर ईसीयू मागेल तेवढा दाब मिळतच नाही. तिथे फिल्टरचा अडथळा गुणला जातो. टर्बो हवा दुप्पट दाबत असेल तर अलीकडे वाचवलेले २० मिलिबार पलीकडे ४० होऊन मिळतात. माझ्या रीमॅप केलेल्या गाडीला उघडा कोन (डब्याशिवायचा शंकूसारखा फिल्टर) लावल्यावर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चार घोडे जास्त दिसले. कागद जपून ठेवलाय.

बोरघाट रिटर्न
डायनोवर बोनेट उघडं होतं का?

वेस्टगेट बंद
हो. समोर मोठा पंखाही होता. सगळीकडे तसंच करतात.

बोरघाट रिटर्न
मग तो कागद खोपोलीच्या ट्रॅफिकमध्ये दाखवा गाडीला. बोनेट बंद झालं की उघडा कोन इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ४० अंशांची झाली तर घनता तीन टक्क्यांहून जास्त उतरते. मूळ डब्याला बाहेरची थंड हवा घेणारी सोंड दिलीय ती काय शोभेला? आणि एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन रनमध्येही दोन-तीन घोडे इकडेतिकडे होतात. किती रन मारले होते?

वेस्टगेट बंद
आधी एक, नंतर एक. (हसू नका.) पण टर्बोनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर असतो ना राव मधे. इनटेकची सगळी गरमी सिलिंडरपर्यंत जात नाही.

करवीर कार्ब्युरेटर
तुमचं ईसीयू सांभाळून घेतंय म्हणून हे लाड चाललेत. आमच्यात पोरं आरएक्स १००चा फिल्टर काढून गाडी बोंबलत फिरवायची. आवाज असा की आख्खी गल्ली बाहेर. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मात्र तेच! हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, मिक्श्चर लीन. चढाला फुल थ्रॉटल दाबून धरला की पिस्टन चिकटलाच म्हणून समजा. एकदा असा पिस्टन हातात घेतलाय मी. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंगा खाचेतच दबून बसलेल्या. पोरगं म्हणतंय कसं, "पण मागच्या आठवड्यात लै पळत होती."

आवाजाला ताकद समजायची सवय तिथनंच लागलीय आपल्याला.

यू नळी
नावाप्रमाणे मी खरंच नळी लावली होती, फिल्टरमुळे दाब किती पडतो ते मोजायला. पारदर्शक पाइप, यू आकारात, अर्धा पाणी भरून. एक टोक फिल्टरनंतर इंजिनाकडच्या पाइपात, दुसरं केबिनमध्ये उघडं. शेजारी मित्र पट्टी धरून बसला, रस्ता मोकळा, तिसरा गिअर, रेडलाइनपर्यंत. (पाण्यात शाई टाका, नाहीतर काही दिसत नाही. आमचे पहिले दोन प्रयत्न असेच गेले.)

नवा कागदी फिल्टर आणि कापसाचा, दोघांत बोटभर रुंदीचाही फरक आला नाही. दोन सेंटिमीटर धरलं तरी ते साधारण २ मिलिबार होतात. बाहेरचा दाब समुद्रसपाटीला १०१३. खोपोलीहून खंडाळ्याला चढलात की पन्नासेक मिलिबार तसेच जातात, तेव्हा कोणी खोक्यावर काही छापत नाही. फिल्टर अजिबात न लावता मारलेल्या फेरीतही पाणी बरंच चढलं. म्हणजे मुख्य अडथळा सोंड, वळणं आणि पाइप. सगळे पैसे टाकतात फिल्टरवर, कारण तो पाच मिनिटांत बदलता येतो.

जुना कळकट फिल्टर मात्र वेगळी गोष्ट. त्यात फरक दिसला.

अॅव्हरेजवाले काका
मग कापसाच्या फिल्टरनं मायलेज तरी वाढतं का? गॅरेजवाला म्हणाला दोन किलोमीटर वाढेल.

यू नळी
नाही काका. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर तुंबवून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचं मायलेज तुंबलेल्या फिल्टरनंही हललं नाही, फक्त पिकअप मंदावला. नव्या कागदी फिल्टरला हरवून दोन किलोमीटर कुठून आणणार?

वेस्टगेट बंद
ठीक, चार घोडे मागे घेतो. पण धुता येतो, पुन्हा वापरता येतो, दरवेळी नवा घ्यायला नको. हा फायदा तरी द्याल की नाही?

बोरघाट रिटर्न
दिला असता. काल कागदी परत बसवताना फिल्टर आणि टर्बोमधला पाइप काढला आणि आतून बोट फिरवलं. महिन्याभरात, त्यातही एकच नगरची फेरी. बोटाला तांदळाच्या पिठीसारखी धूळ, तेलानं जरा चिकट. माझ्या हातून तेल कमी-जास्त झालं असेल, फिल्टर नीट बसला नसेल, माहीत नाही. पण ती पिठी टर्बोतल्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) पात्यांवरून पुढे गेली असती. फिल्टर ओएलएक्सवर टाकतोय, साडेतीन हजार.

करवीर कार्ब्युरेटर
जाहिरातीत पॉवर वाढते म्हणून लिहू नका म्हणजे झालं.