नागासाकी प्रीफेक्चर : चार दिवसांत काय पाहावे?

धागाकर्ता : नमस्कार. येत्या नोव्हेंबरात वडिलांना घेऊन जपानला जात असून क्यूशू बेटावरील नागासाकी प्रीफेक्चरसाठी (प्रांतासारखा प्रशासकीय विभाग) चार दिवस राखून ठेवले आहेत. वडिलांनी नोकरीभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला; त्यामुळे शांतता उद्यान आणि डोंगरावरून रात्रीचे दिवे एवढ्यावर त्यांचे समाधान होणार नाही. गोतो बेटे करावीत, हिरादो करावे, की शहरातच मुक्काम ठेवावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : गोतो बेटे या खेपेस वगळावीत. समुद्र खवळून बोट रद्द झाली, तर चारांतला एक दिवस हकनाक जाईल. दोन दिवस शहर, एक शिमाबारा द्वीपकल्प आणि एक हिरादो, अशी विभागणी मी सुचवीन.

निघण्यापूर्वी वडिलांपुढे नकाशा जरूर ठेवावा. या प्रीफेक्चरला जमिनीवरून सागा हा एकच शेजारी आहे. बाकी सगळा दातेरी किनारा आणि शेकडो बेटे, त्यांतील त्सुशिमा तर कोरियाच्या बुसानपासून सुमारे ५० किलोमीटरवर. सपाट जमीन थोडी आणि खोल, सुरक्षित खाड्या भरपूर, म्हणून येथील सरदारांची नजर परदेशी व्यापारावर राहिली. पोर्तुगीज १५५० मध्ये हिरादोला आले आणि १५७१ मध्ये येथील सरदार ओमुरा सुमितादा याने नागासाकी बंदर त्यांना खुले केले.

शिमाबारा चुकवू नये. करांचा जाच आणि ख्रिस्ती धर्मावरील बंदी यांतून १६३७ मध्ये तेथे उठाव झाला आणि पुढल्या वर्षी हारा किल्ल्यात तो चिरडला गेला. तेथील उत्खननात शिशाचे लहान क्रूस सापडले आहेत. वेढ्यात एका डच जहाजाने शोगुनच्या (जपानचा तेव्हाचा लष्करी सत्ताधीश) बाजूने तोफा डागल्या होत्या. पोर्तुगीजांची हकालपट्टी झाल्यावर १६४१ मध्ये या डचांनाही हिरादोतून उठवून नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर आणून ठेवले. (इमानाचे बक्षीस म्हणायचे ते हेच!) त्याआधी हिरादोतील त्यांची नवी वखार, दर्शनी भागावर ख्रिस्ती सन कोरल्याच्या कारणावरून पाडायला लावली होती, २०११ मध्ये ती पुन्हा बांधली आहे. देजिमाभोवती आता भराव आहे, पण पंख्यासारखा आकार अजून ओळखू येतो.

भूगोलासाठी याच शिमाबारा द्वीपकल्पावरील उनझेन ज्वालामुखी. १७९२ मध्ये मायुयामा डोंगर ढासळून समुद्रात लाट उसळली आणि अलीकडच्या आणि समोरच्या अशा दोन्ही किनाऱ्यांवर मिळून सुमारे १५,००० माणसे दगावली. १९९०च्या दशकातील उद्रेकानंतर चिखलाच्या लोंढ्यात छपरापर्यंत रुतलेली घरे मिझुनाशी येथे तशीच जपली आहेत.

प्रतिसाद २ : वरील मताशी सहमत. मी मूळचा वसईचा असल्याने एक भर घालतो. रेल्वे स्थानकाजवळच्या निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ ख्रिस्ती लोकांना क्रूसावर चढवले. त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. स्मारकभिंतीवर सर्वांचे कांस्यपुतळे आहेत. उराकामी खोरेही पाहावे; ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्यावर फुटला आणि मधल्या डोंगरांच्या आडोशामुळे जुन्या शहराचा काही भाग बचावला.

धागाकर्ता : दोघांचेही आभार. गाडी न चालवता शिमाबारा जमेल का?

प्रतिसाद १ : जमेल. इसाहायाला गाडी बदलून शिमाबारा रेल्वेने शहर गाठता येते. दक्षिणेकडील लोहमार्ग २००८ मध्ये बंद झाल्याने हारा किल्ल्यासाठी पुढे बस घ्यावी लागते. परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी आणि त्या रात्री शिमाबारातच राहावे.