गोड्या पाण्याच्या टँकला मीडिया रिॲक्टर: आरओचं हाऊसिंग वापरून जमेल का?

वाघोली_चारफुटी

नमस्कार मंडळी. टँक ४ फुटी आहे (१२० × ४५ × ४५ सेंमी). वाळू-लाकूड वजा जाता पाणी २०० लिटर धरा. मासे कार्डिनल टेट्रा आणि कोरी. झाडं अनुबियास, जावा फर्न, मागे व्हॅलिस्नेरिया. फिल्टर म्हणाल तर वरचा टॉप फिल्टर, बस.

नवीन ड्रिफ्टवुड घातल्यापासून पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. अर्धं पाणी बदललं तरी आठवडाभरात पुन्हा तेच. टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये कार्बनची पिशवी ठेवली, पण पाणी तिला वळसा घालून निघून जातं. म्हणून रिॲक्टर लावावा असं डोक्यात आहे, म्हणजे पंपाचं सगळं पाणी मीडियातूनच (कार्बनसारख्या गाळणीच्या मालातून) जाईल असा बंद डबा. तयार रिॲक्टर महाग वाटतो. आरओच्या फिल्टरचं हाऊसिंग (बाहेरचं प्लास्टिकचं भांडं) चालेल का?

ऑफिसमधला एक मित्र मरीन टँक ठेवतो. त्याच्याकडे जीएफओ उरलंय, ते तो फुकट देतोय. तेच भरू का? आमचं पाणी निम्मं बोअरचं, निम्मं टँकरचं. टीडीएस (विरघळलेले क्षार) ६४०, टँकमध्ये नायट्रेट ४०. हे सगळंही रिॲक्टरने खाली येईल अशी आशा आहे.

मिरज_आरओवाला

वाघोलीकर, दिवसभर मी लोकांच्या घरी आरओ बसवतो आणि रात्री टँकसमोर बसतो, तेव्हा हे आमचंच खातं. हाऊसिंग चालतं, झकास चालतं.

जीएफओ मात्र मित्राकडेच राहू द्या. ते लोखंडाच्या ऑक्साईडचे दाणे. पाण्यातलं फॉस्फेट धरतात, सिलिकेट धरतात. मरीनवाल्यांना कोरलपायी फॉस्फेट नको असतं. तुमच्या अनुबियासला ते हवं असतं! झाडांच्या टँकमध्ये फॉस्फेट शून्यावर नेलं की पानांवर हिरवे टिपके धरायला लागतात, आणि ते घासूनही जात नाहीत. फुकट मिळतंय म्हणून मीडिया भरायचा नसतो. पाण्यातून काय काढायचंय ते आधी ठरवा. तुम्हाला रंग काढायचाय, तर कार्बन.

आता जोडणी. १० इंची पारदर्शक हाऊसिंग घ्या, अर्धा इंची तोंडाचं. पाव इंचीवर आरओचं भागतं, इथे पंप गुदमरेल. आरओत पाणी हाऊसिंगमध्ये कडेने शिरतं आणि मधल्या भोकातून बाहेर जातं. आपल्याला उलटं करायचंय. झाकणाच्या मधल्या भोकात एक कडक पाईप घट्ट बसवा आणि तो तळापासून बोटभर वर राहील एवढा कापा. पंपाचं पाणी पाईपातून खाली जातं, तळाशी पसरतं, मीडियातून वर चढतं आणि ज्या तोंडावर ‘इन’ लिहिलेलं असतं तिथून बाहेर पडतं. झाकणावरचा बाण उलटा दिसेल, दिसू दे.

तळाला जाड भोकांचा स्पंज, पाईपाभोवती गोल कापून. त्यावर कार्बन, २०० लिटरला २०० ग्रॅमपासून सुरुवात करा. भरण्याआधी बादलीत धुवा, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. वर परत स्पंज, आणि हा वरचा दाबून बसवा. रिॲक्टरच्या व्हिडिओंत दाणे गरगरताना दिसतात ते जीएफओचे, आणि त्यातही फक्त वरचा थर हलका हलला तरी पुरतो. कार्बन गरगरला तर दाण्यावर दाणा घासून काळी भुकटी होते आणि मग ती टँकभर शोधत बसा.

पाण्याचा वेग मीटरशिवाय मोजता येतो. बाहेर येणारं पाणी लिटरच्या मापात धरा. २० सेकंदांत भरलं तर ताशी १८० लिटर, कार्बनला एवढं पुष्कळ. छोटा पंप घेऊन पंपाकडच्या नळीला व्हॉल्व्ह लावा. बाहेरच्या नळीला लावलात तर ते दाबाचं पाणी हाऊसिंग सांभाळत बसेल. पंपाच्या तोंडाला स्पंज हवाच, नाहीतर माशांची घाण कार्बनवर जाऊन बसते आणि कार्बन संपायच्या आधी तुंबतो.

आणि आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी. आरओच्या दुकानातून कार्बन घेताना ‘सिल्व्हर’वाला घेऊ नका. काही घरगुती मशिनांच्या कार्बनवर जंतू वाढू नयेत म्हणून चांदी चढवलेली असते. माणसाला ती चालते, माशांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना नाही. दुसरं, कुणाचं जुनं प्रीफिल्टर हाऊसिंग उचलून आणलंत तर त्यात पांढऱ्या गोळ्या असतात का बघा. ते अँटीस्केलंट (क्षार साचू न देणारं), बहुतेक वेळा फॉस्फेटच. एकीकडे जीएफओचा विचार आणि दुसरीकडे ह्या गोळ्या, असं व्हायला नको.

डोंबिवली_डिस्कस

मुळात रंग काढायचाच कशाला? कार्डिनल येतो तो रिओ निग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नद्यांतून. टॅनिन, म्हणजे लाकडातून उतरणारा हा तपकिरी अर्क, त्याला मानवतं. ६४० टीडीएसबद्दल काळजी करा, रंगाबद्दल नको. लाकूड दोनदा उकळलं असतंत तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला असता.

वाघोली_चारफुटी

@डोंबिवली, ३ फुटी लाकूड कुठल्या पातेल्यात उकळू ते पण सांगा 😀 मला रंगाचा त्रास नाही, पण घरात सगळे ‘पाणी कधी बदलणार’ म्हणून मागे लागलेत. आणि मागच्या व्हॅलिस्नेरियाला खरंच उजेड पोचत नाहीये.

सोसायटीत सॉफ्टनर प्लँट आहे. ऑपरेटर म्हणाला, त्यातलं रेझिन थोडं देतो, ते हाऊसिंगमध्ये भरा, टीडीएस उतरेल. खरंय?

रसायन_सोलापूर

वाघोलीकर, टीडीएस उतरणार नाही. सॉफ्टनरचं रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरतं आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतं. हार्डनेस कमी दिसेल, पण क्षारांची एकूण बेरीज जवळपास तीच, आणि झाडांना लागणारं कॅल्शियम जाऊन नको असलेलं सोडियम आलं. कार्बननेही टीडीएस किंवा नायट्रेट कमी होत नाही. त्याला एकच सरळ उपाय, पाणी मिसळा. आरओचं पाणी ४० टीडीएसचं असेल तर निम्मं ते आणि निम्मं तुमचं ६४० चं, म्हणजे ३४० च्या आसपास. नायट्रेटसाठी आधी नळाचं पाणी तपासा. बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर पाणी बदलून बदलून ते तिथेच राहणार.

मिरजकरांच्या सांगण्यात एक भर. नारळाच्या करवंटीच्या कार्बनची छिद्रं फार बारीक असतात. क्लोरीन, वास यांना तो उत्तम. टॅनिनचे रेणू मोठे, त्यांना थोड्या मोठ्या छिद्रांचा दगडी कोळशाचा कार्बन जास्त उपयोगी. मिळाला तर तो घ्या. रेणूंनी एकदा छिद्रं भरली की काम संपलं, साधारण महिन्याभराने बदलायचा. उन्हात वाळवून किंवा उकळून तो पुन्हा नवा होतो हा समज फार पसरलेला आहे, पण तसं होत नाही.

दुसरा पर्याय प्युरिजेन. सेंद्रिय पदार्थ धरणारे कृत्रिम मणी, १०० मिली ४०० लिटरला पुरतात. पांढरट मणी गडद तपकिरी झाले की ब्लीचने स्वच्छ करून पुन्हा वापरता येतात. अर्धं ब्लीच, अर्धं पाणी, २४ तास. मग भरपूर धुऊन ८ तास क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या दाट पाण्यात ठेवायचे आणि क्लोरीनचा वास पूर्ण गेल्याशिवाय टँकमध्ये घालायचे नाहीत. ब्लीच बिनवासाचं, साबण नसलेलं हवं. त्याच बादलीत किंवा त्याच मोरीत टॉयलेट क्लीनरचं ॲसिड आलं तर क्लोरीन वायू सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना लांब ठेवा. मणी अगदी बारीक असतात, जाड स्पंजातून निसटतात. बारीक जाळीच्या पिशवीतच भरा.

वाघोली_चारफुटी

मग कार्बनने सुरुवात करतो, टॅनिन ओसरलं की प्युरिजेन. आरओचं पाणीही आजपासून साठवतो. दोन शंका राहिल्या. हाऊसिंग टँकखालच्या कपाटात ठेवायचंय, गळालं तर? आणि आमच्याकडे लाईट जाते, कधी कधी दुपारभर.

मिरज_आरओवाला

सोलापूरच्या बाईंनी कार्बनचं बरोबर सांगितलं. आमच्याकडे सगळा करवंटीचाच येतो, म्हणून माझ्या तोंडात तोच.

कपाटात ठेवा, पण पंप टँकच्या तळाला टाकू नका. वर, पाण्याच्या पातळीच्या चार बोटं खाली लटकवा. खाली हाऊसिंग गळायला लागलं तर सायफनने पाणी पंपाच्या तोंडापर्यंतच उतरेल आणि हवा शिरून थांबेल. तळाला असेल तर अख्खा टँक फरशीवर. बाहेर येणाऱ्या नळीचं टोकही पाण्यात बुडवू नका, वरच सोडा. धार पडली की हवाही मिसळते.

गळती बहुतेक दोन ठिकाणी होते. एक, आटे. टेफलॉन टेप आट्याच्या दिशेने गुंडाळा आणि प्लास्टिकचे आटे पान्याने आवळत सुटू नका, झाकण तडकतं. दोन, ओ-रिंग. प्रत्येक वेळी उघडलं की पुसून सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. पहिल्या दिवशी हाऊसिंगखाली थाळी ठेवा आणि घरी असतानाच चालू करा.

लाईट तास-दोन तास गेली तर काही होत नाही. दुपारभर गेली तर बंद हाऊसिंगमधला ऑक्सिजन संपतो आणि आतलं पाणी कुजायला लागतं. लाईट आल्यावर पहिली अर्धी बादली टँकमध्ये न सोडता बाहेर काढा, वास येत नाही बघून मग नळी आत. टॉप फिल्टर काढून टाकू नका. अमोनियाचं काम त्यातले जिवाणू करतात, कार्बन अमोनियाला हात लावत नाही.

माशांना औषध घालायचं असेल तेव्हा रिॲक्टर बंद, नाहीतर औषध कार्बनच्या पोटात. झाडांना आयर्नचं लिक्विड देता का? तेही थोडं तो खातो, रिॲक्टर चालू असताना त्याचा हिशेब सोडा. आणि सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल त्या दिवशी रिॲक्टरच्या भरवशावर नळाचं पाणी थेट ओतू नका, अँटिक्लोरीन आधी बादलीत.

हाऊसिंग घेताना त्याच मापाची एक जादा ओ-रिंग आणि पाना मागून घ्या. पाना बऱ्याचदा हाऊसिंगबरोबरच येतो, दुकानदार काढून वेगळा विकतात.