मदत हवी आहे : व्हिएतनामच्या शेअर बाजारात गुंतवणूक करावी का?
नमस्कार. मी सांगलीचा असून, यंदाच्या हळदीच्या विक्रीतून उरलेल्या रकमेचा काही भाग व्हिएतनामच्या शेअर बाजारात दहा वर्षांसाठी गुंतवण्याचा विचार करीत आहे. शेअर बाजारांचे निर्देशांक तयार करणाऱ्या एमएससीआय या कंपनीच्या वर्गवारीत हा देश फ्रंटियर, म्हणजे उदयोन्मुख बाजारांहून लहान व कमी विकसित बाजारांच्या, गटात मोडतो; तो पुढे उदयोन्मुख गटात जाईल, या आशेवर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण पाकिस्तान 2021 मध्ये उलट दिशेने खाली आला. त्याहून मोठी भीती चलनाची आहे. मार्च 2024 मध्ये इजिप्तने पौंडाचा दर मोकळा सोडताच तो एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक घसरला, म्हणजे शेअरचा भाव वाढूनही रुपयांतील परतावा बुडू शकतो. एलआरएस या परदेशी रक्कम पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, हे ठाऊक आहे. परंतु अशा बाजारात थेट शेअर घ्यावेत की ईटीएफ (अनेक शेअर एकत्र असलेला, बाजारात शेअरसारखा खरेदी-विक्री होणारा फंड), आणि पडत्या काळात विक्री करून पैसे परत आणताना कोणत्या अडचणी येतात, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.