ब्लॉगवर लिहिताना वृत्तपत्रांच्या कसोट्या किती पाळायच्या?

मुठाकाठ
पुण्यातल्या नागरी प्रश्नांवर ब्लॉग आहे. रस्त्यांची कामं, टेकड्यांवरची बांधकामं, मधूनमधून नव्या खाणावळींबद्दलही लिहिलं जातं. आता एका रस्त्याच्या कामाबद्दल लिहायचं आहे. ठेकेदाराला दिलेलं बिल आणि जागेवर दिसणारं काम यांत मोठा फरक वाटतो. कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले आहेत आणि पाठवणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही. पेपरवाल्यांना प्रेस कौन्सिलचे नियम असतात, ते ब्लॉगला लागू होतात का? नसतील तर कुठली कसोटी लावायची? आणि खाणावळवाल्याने फुकट जेवू घातलं तर ते लिहावं लागतं का?

कलमकागद
प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्यावर चालते. तिची कक्षा वृत्तपत्रं, नियतकालिकं आणि वृत्तसंस्था एवढीच, त्यामुळे ब्लॉगविरुद्ध तिच्याकडे तक्रार होत नाही. वृत्तपत्राविरुद्ध तक्रार सिद्ध झाली तरी कलम १४ खाली ती समज देते किंवा ताशेरे ओढते. दंड करणं तिच्या हातात नाही. म्हणजे पेपरांवर फार मोठा सरकारी अंकुश आहे आणि ब्लॉगर मोकळा आहे, असं चित्र नाही.

२५ फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्यांसाठी आचारसंहिता आली. तिच्यातल्या प्रकाशकाच्या व्याख्येतून, पद्धतशीर व्यवसाय, पेशा किंवा व्यापार म्हणून मजकूर न देणारी व्यक्ती वगळली आहे. हौसेचा ब्लॉग बाहेर राहतो. जाहिरातींचं नियमित उत्पन्न सुरू झालं, पगारी माणसं आली, की तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. प्रकाशकांना ही आचारसंहिता पाळायला लावणाऱ्या नियम ९(१) आणि ९(३) ला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली होती, हेही माहीत असू द्या.

बाकी फौजदारी कायदा सगळ्यांना सारखाच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ म्हणजे बदनामी, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. इथे बरेच जण चुकतात: फौजदारी खटल्यात ‘खरं आहे’ एवढ्यावर सुटका नाही, ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. रस्त्याच्या बिलात लोकहित उघड आहे. ठेकेदाराच्या घरगुती भानगडीत ते नाही, म्हणून ती वाक्यं कितीही खरी असली तरी काढून टाका. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख (संहितेचं कलम ७२) आणि मुलांची ओळख (पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचं कलम २३) उघड करण्याची बंदीही ब्लॉगरला लागू आहे. नाव गाळून शाळा, सोसायटी आणि आईची नोकरी लिहिली तर ओळख उघड झालीच.

आता तुमचा माहिती देणारा. प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) सांगतं की कौन्सिल वृत्तपत्राला किंवा पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायला भाग पाडू शकत नाही. हे संरक्षण कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच आहे, न्यायालयात पत्रकारालाही ते पुरत नाही. ब्लॉगरला तर तेवढंही नाही. म्हणून ‘काही झालं तरी नाव सांगणार नाही’ असा शब्द देण्याआधी, तो कुठपर्यंत पाळता येईल हे त्या माणसाला स्पष्ट सांगा. त्याने दिलेले फोटो जसेच्या तसे ब्लॉगवर चढवू नका. कोपऱ्यातला शेरा, जावक क्रमांक, टेबलावरची एखादी वस्तू यांवरून कचेरीत कोणाचा फोन ते लगेच कळतं.

डेस्कवरून
कायद्याचं वर आलंच आहे. माझ्या मते खरा फरक व्यवस्थेचा आहे. पेपरात बातमीदाराची कॉपी मुख्य बातमीदार बघतो, मग उपसंपादक, मग पान लावणारा. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं, म्हणजे नोटीस कोणाला पाठवायची ते ठरलेलं. ब्लॉगवर लिहिणारा, तपासणारा आणि छापणारा एकच. ही जी माणसं तुमच्याकडे नाहीत, त्यांची कामं मात्र तुम्हालाच करावी लागतात. आचारसंहिता म्हणून मी तरी एवढंच मानतो.

तुमच्या प्रकरणात व्हॉट्सअॅपचे फोटो हा फक्त माग आहे, पुरावा नाही. याच पुण्यात केसरी आणि मराठाने १८८२ मध्ये कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्धची पत्रं खरी समजून छापली. ती बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू शुद्ध होता, तो उपयोगी पडला नाही.

तेच कागद स्वतः मिळवा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम मागू नका. कार्यादेश, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदतात ती) संबंधित पानं आणि प्रत्येक देयकाची प्रत, असं नावानिशी मागा. कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फारच थोडे लोक वापरतात. सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत होती आणि २०१८ मध्ये राज्य शासनानेही तसा आदेश काढला. खात्यात आधी विचारून जा.

मोजमाप पुस्तिका न बघता बिल आणि रस्ता यांची तुलना केली की हमखास फसगत होते. हातात असलेलं देयक ‘रनिंग बिल’ असू शकतं, म्हणजे काम चालू असताना तोवर झालेल्या कामापुरतं दिलेलं बिल. किंवा त्यात त्याच ठेक्यातलं शेजारच्या रस्त्याचं कामही असू शकतं. किंवा खोदाईचा भाग आता जमिनीखाली असतो. लांबी-रुंदी टेपने मोजता येते, जाडी डोळ्यांनी दिसत नाही. ४०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ५ सेंमी जाड थर म्हणजे १२० घनमीटर. जाडी ४ सेंमी निघाली तर ९६. एका सेंटिमीटरने २० टक्के फरक पडतो, म्हणून कोअर (रस्त्याला भोक पाडून काढलेला थराचा नमुना) काढल्याशिवाय जाडीवर अवाक्षर लिहू नका.

मग दुसरी बाजू. ठेकेदार आणि कार्यकारी अभियंता, दोघांनाही ईमेल करा. ‘आपली प्रतिक्रिया हवी’ असं नको. नेमके आकडे लिहून विचारा: देयकात लांबी ४०० मीटर आहे, जागेवर ३१० भरते, उरलेलं काम कुठे झालं? कामाचे निदान दोन दिवस द्या. शुक्रवारी रात्री पाठवून रविवारी ‘उत्तर देण्यास टाळाटाळ’ लिहिणं हा अन्याय आहे, आणि पेपरांतही तो होतो. उत्तर आलं नाही तर ‘अमुक तारखेला विचारलं, आजपर्यंत उत्तर नाही’ एवढंच लिहा.

मथळ्यात ‘घोटाळा’ नको. ‘४०० मीटरचं बिल, जागेवर ३१० मीटर’ हा मथळा जास्त बोचतो आणि न्यायालयात टिकतोही.

दर्शनीभाव
फुकट जेवणाबद्दल: हो, लिहावं लागतं. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पैसे, फुकट वस्तू, हॉटेलातला मुक्काम, सहल, अगदी नातं किंवा नोकरीसुद्धा ‘हितसंबंध’ धरले जातात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय जाहिरात करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदी येऊ शकते.

मजकूर ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. मराठी लेखाखाली इंग्रजी हॅशटॅगांच्या गर्दीत एक शब्द दडवला तर तो खुलासा नव्हे. पहिल्या दोन ओळींतच, ‘अधिक वाचा’ दाबण्याआधी दिसेल असं लिहा: ‘जेवणाचा खर्च खाणावळीने केला.’ एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या सूचनांत व्हिडिओची वेळही ठरवून दिली आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत सूचना किमान ३ सेकंद, दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठ्या व्हिडिओत उत्पादनाचा उल्लेख असलेला पूर्ण भाग.

इथे पेपरांचा कित्ता गिरवू नका. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या ‘बातम्या’ गाजल्या आणि प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. आजही विकत घेतलेली पानं बातमीच्याच टंकात लागतात आणि ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात शोधावा लागतो. निदान पेपरात जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे असतात. ब्लॉगवर ती भिंत नाही, म्हणून हितसंबंध सांगण्यात ब्लॉगरने पेपरापेक्षा कडक राहिलं पाहिजे. साधा उपाय म्हणजे ज्यांच्याबद्दल नागरी प्रश्नांत लिहिता, त्यांची जाहिरात घेऊच नये. बिल्डर, ठेकेदार, नगरसेवक, कोणाचीच.

मुठाकाठ
सर्वांचे आभार, अर्ज आजच टाकतो. एक राहिलं. प्रसिद्ध झाल्यावर चूक लक्षात आली तर गुपचूप दुरुस्त करायची का? आणि ठेकेदाराने लांबलचक खुलासा पाठवला तर?

डेस्कवरून
शुद्धलेखन गुपचूप सुधारा. आकडा, नाव, तारीख किंवा आरोप बदलत असेल तर लेखाच्या अगदी वर लिहा: दुरुस्ती, तारीख, आधी काय होतं, आता काय आहे. दुवा बदलू नका. ज्या व्हॉट्सअॅप गटांत आणि फेसबुकवर मूळ लेख टाकला होता, तिथे दुरुस्तीही टाका, कारण निम्मे वाचक ब्लॉगवर परत येतच नाहीत. पूर्ण लेख मागे घ्यावा लागला तरी पान पुसू नका, मजकूर काढून कारण ठेवा. अपवाद एकच, पीडितेची किंवा मुलाची ओळख उघड झाली असेल तर सगळं ताबडतोब काढा आणि दुरुस्तीच्या ओळीतही ती पुन्हा येऊ देऊ नका.

खुलाशाबाबत पेपरांची सवय वाईट आहे. बातमी पहिल्या पानावर, खुलासा आठवड्याने आतल्या पानात तीन ओळी. तुम्हाला जागेची अडचण नाही. मुद्द्याशी संबंधित भाग जसाच्या तसा त्याच लेखात घाला, बाकीचा पीडीएफ म्हणून जोडा. तुमचं उत्तर असेल तर ते खाली वेगळं लिहा, त्याच्या वाक्यांच्या मध्ये कंस टाकून नाही.

कलमकागद
दुरुस्तीआधीचं पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा, मूळ ईमेल पुसू नका, आणि ज्या फोनवर फोटो आले तो बदलण्याआधी फायलींची प्रत घ्या. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक कागद दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून गणिताने निघणारा, फाइल जराही बदलली तर बदलणारा संकेतांक) द्यावं लागतं. फाइल मिळाली त्याच दिवशी ते काढून ठेवलं तर नंतर फेरफाराचा आक्षेप घेणं समोरच्याला अवघड जातं. दिवाणी बदनामीचा दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात करता येतो, पण फौजदारी तक्रारीची मुदत त्याहून लांब आहे. तेव्हा निदान तीन वर्षं तरी यातलं काही टाकू नका.