आमदाराला ‘गद्दार’ किंवा ‘अर्बन नक्षल’ म्हटल्याने नेमके काय साधते?

प्रश्न : गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. मी आमच्या भागातील एका रहिवासी संघाची सचिव आहे. गेल्या महिन्यात आमच्या मतदारसंघाचे आमदार संघाच्या बैठकीला आले होते. त्यांचे नाव आणि पक्ष मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न त्यांच्यापुरता नाही. पाण्याच्या कमी दाबाबद्दलचे निवेदन आम्ही तीन आठवडे खपून तयार केले होते. कोणत्या इमारतीत नळाला किती मिनिटे पाणी येते याची नोंद आमच्यातील दोन भगिनींनी रोज पहाटे उठून वहीत ठेवली होती आणि त्या पानांच्या झेरॉक्स प्रती निवेदनाला जोडल्या होत्या.

आमदार बोलायला उभे राहताच मागच्या रांगेतून ‘गद्दार’ असा आवाज आला. लगेच त्यांच्यासोबत आलेल्या एका कार्यकर्त्याने ‘हे सगळे अर्बन नक्षल आहेत, यांना उत्तर देऊ नका’ असे सुनावले. कोण कधी कोणत्या पक्षात होता आणि कोणी कोणाला फसवले, यातच पुढची वीस मिनिटे गेली. आमदारांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे होते, ते निघून गेले. निवेदन माझ्या हातातील प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तसेच राहिले.

आता कार्यकारिणीत दोन मते पडली आहेत. पुढच्या बैठकीत असे शब्द उच्चारण्यास मनाई करावी, असे काहींचे म्हणणे आहे. निवडून दिलेल्या माणसाला कठोर बोलण्याचा मतदाराचा हक्क काढून घेता येणार नाही, असे इतरांचे म्हणणे आहे आणि ते मलाही पटते. पण ‘गद्दार’ ही टीका आहे की शिवी? ‘नक्षल’, ‘सिक्युलर’ (‘सेक्युलर’ म्हणजे धर्मनिरपेक्ष या शब्दाची टिंगल), ‘देशद्रोही’ हे शब्द त्याच मापाने मोजायचे का? यात काही कसोटी लावता येते का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : निवृत्त प्रतिवेदक

ताई, मी विधानमंडळात बरीच वर्षे प्रतिवेदक म्हणून काम केले. सभागृहात जे बोलले जाते ते शब्दशः टिपणे हेच आमचे काम असे. त्यामुळे रागाच्या भरात निघालेले शब्द आमच्याच हातून कागदावर उतरत, आणि पीठासीन अधिकाऱ्यांनी ते कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश दिला की आमच्याच हातून गाळले जात.

मनाईबद्दल आधी सांगतो. संसदेत असंसदीय शब्दांचे संकलन वेळोवेळी निघते. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाने काढलेल्या संकलनात ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’, ‘शकुनी’, ‘जयचंद’, ‘खालिस्तानी’ असे शब्द होते आणि त्यावरून मोठा वाद झाला. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी खुलासा केला की कोणत्याही शब्दावर बंदी घातलेली नाही. शब्द कोणत्या संदर्भात वापरला गेला हे पाहून तो कामकाजातून काढायचा की नाही ते ठरते. लोकसभेच्या कार्यपद्धतीतील नियम ३८० हा अधिकार अध्यक्षांना देतो. माझ्या अनुभवातही याद्यांचा फारसा उपयोग झालेला नाही, कारण एक शब्द अडवला की माणूस दुसरा शोधतो. शिवाय काढून टाकणेही आता नावापुरतेच उरले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये चांद्रयान-३ वरील चर्चेच्या वेळी बसपचे तत्कालीन खासदार दानिश अली यांना त्यांच्या धर्मावरून ‘आतंकवादी’ म्हटले गेले. ते शब्द कामकाजातून काढले, पण चित्रफीत देशभर फिरायची ती फिरलीच.

तुम्ही कसोटी विचारली आहे. मी एवढेच पाहतो की त्या शब्दाला उत्तर देता येते का. ‘तुम्ही अमुक विधेयकाच्या वेळी सभागृहात गैरहजर होता’ याला उत्तर देता येते. ते खरे असेल किंवा खोटे. ‘तुम्ही देशद्रोही आहात’ याला कोणते उत्तर असू शकते? ‘नाही’ म्हटले तरी संशय उरतोच आणि गप्प बसले तरी उरतो.

आपल्याकडे हे नवे नाही. ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ ही नावे आज इतिहासाच्या पुस्तकात निरुपद्रवी वाटतात, पण १९०७ च्या सुरत काँग्रेसच्या आगेमागे ‘मवाळ’ हा शब्द मिंधेपणाच्या अर्थाने तोंडावर फेकला जाई. गोपाळ कृष्ण गोखले त्याच मवाळांपैकी. त्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढल्या वर्षी ते सरकारी बहुमताने फेटाळले गेले. त्या एका शब्दात हे विधेयक कुठेच मावत नाही. ज्याने गोखल्यांना फक्त ‘मवाळ’ म्हणून ओळखले, त्याला ते कायदेमंडळात काय करत होते हे कधी कळलेच नाही.

‘सिक्युलर’चा तुम्ही उल्लेख केला म्हणून सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार, नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. ज्या तत्त्वावर सर्व पक्षांनी सही केली आहे, त्याचाच शब्द मोडून शिवी घडवली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर २ : कॉलेज रोडचा मतदार

प्रतिवेदक काकांचा पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. त्या दिवशी आवाज देणारा मी नव्हतो, पण तो आवाज कुठून येतो हे मला माहीत आहे.

मी चिन्ह पाहून मत दिले. निवडून आलेल्या माणसाने ते चिन्ह सोडले किंवा ज्यांच्याविरुद्ध मत मागितले त्यांच्याच मांडीला मांडी लावून तो बसला, तर माझ्या हातात काय उरते? आमदाराला परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला नाही. पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट १९८५ मध्ये आले आणि एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर अपात्रता टळण्याची पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद झाली, हे सगळे खरे आहे. पण निर्णय अध्यक्षांच्या हाती राहिला. महाराष्ट्रातील २०२२ च्या फुटीनंतर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडेच सोपवला आणि वाजवी मुदतीत निर्णय घेण्यास सांगितले. १० जानेवारी २०२४ रोजी निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. कोणाची बाजू कायद्याने बरोबर होती, यात मी शिरत नाही. मतदाराला त्यात एकदाही कोणी विचारले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्याला कोणी विचारत नाही, त्याने मागच्या रांगेतून एक शब्द उच्चारला तर त्याला असभ्य ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावे.

हरियाणातील गयालाल यांनी १९६७ मध्ये पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तोही टोमणाच होता, पण त्याने लोकांच्या मनात पक्षांतराविषयी जी चीड जागी ठेवली, तिच्यामुळेच पुढे कायदा करावा लागला, असे मी मानतो. म्हणून ‘गद्दार’ आणि ‘नक्षल’ यांना एका तराजूत घालू नका. पहिला शब्द एका कृतीबद्दल आहे. ती कृती तारखेनिशी दाखवता येते.

‘खोके’ या शब्दाबाबत मात्र मला काकांचे म्हणणे मान्य करावे लागेल. ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा झाली आणि ती मीही दिली आहे. तो लाचेचा आरोप आहे, आणि लाचेच्या आरोपाला पुरावा लागतो. यमक जुळले म्हणून आम्ही कोणी पुरावा मागितला नाही.

उत्तर ३ : सुरगाणेकर

मी सुरगाणा तालुक्यातला, सध्या नोकरीनिमित्त सातपूरला राहतो. मला या विषयावर तटस्थपणे लिहिता येणार नाही.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला, त्यात माझे वडील होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईला पोहोचले. वनहक्क कायदा २००६ चा, पण आमच्या घरच्या वनजमिनीचा दावा तोवर निकाली निघाला नव्हता. दाव्याची पोच वडिलांनी पॉलिथीनच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवली होती. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी मुलांना अडचण होऊ नये म्हणून सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंतची वाट त्या सर्वांनी रात्रीच चालून संपवली. घरी आले तेव्हा त्यांच्या दोन्ही तळव्यांची कातडी सुटली होती आणि आई कोमट पाण्यात पाय ठेवून ती हळूहळू काढत होती.

मोर्चाच्या पुढाऱ्यांमध्ये कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित होते. त्याच दिवसांत एका तत्कालीन खासदारांनी या आंदोलनाला शहरी माओवादाशी जोडणारे विधान केले. वडिलांना तो शब्द माहीत नव्हता, त्यांनी मला अर्थ विचारला. मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपण तर मतदान करूनच आलो ना रे?”

कॉलेज रोडच्या दादांनी दोन शब्दांत फरक केला, तो मला पटतो, आणि त्याला हे जोडावेसे वाटते. ‘गद्दार’ म्हटल्याने आमदार दुखावतो. ‘नक्षल’ म्हटल्याने त्याला निवडून देणारे गावच संशयित होते. बंदुकीची वाट सोडून, किंबहुना ती कधीच न धरता, जो माणूस मतपेटीतून सभागृहात जातो, त्यालाच हे नाव देणे हा त्याच्या मतदारांवर अन्याय आहे. आमच्याकडच्या तरुणांनी यातून काय समजायचे? मत देऊनही हेच ऐकायचे असेल तर मत कशाला द्यायचे, असे मला गावात विचारले गेले आहे.

उत्तर ४ : निवृत्त प्रतिवेदक

सुरगाणेकर, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. माझ्या पहिल्या उत्तरात शब्द झेलणाऱ्या सदस्याचाच विचार होता. त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांचा नव्हता. ती उणीव मान्य करतो.

कॉलेज रोडच्या मित्रांचा मुद्दाही मला टाळायचा नाही. कृती दाखवता येते, असे ते म्हणतात. पण बहुतेक वेळा ती दाखवण्याची सोयच नसते. विधेयके बहुधा आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभागणी मागितली गेली नाही, तर कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूला मत दिले याची नोंदच होत नाही. त्यात पक्षादेश असतो, तो मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. मग मतदाराला आमदाराची ओळख कशावरून पटणार? पक्षाच्या नावावरून किंवा लावलेल्या शिक्क्यावरून. तरीही तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि भाषणे सदस्याच्या नावानिशी नोंदली जातात. विधानमंडळाचे कामकाज छापले जाते आणि बरेचसे संकेतस्थळावर वाचायला मिळते. पाण्यावर तुमच्या आमदारांनी कधी काय विचारले, हे तिथे शोधता येईल. हवे असल्यास मी मदत करतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सुरगाणेकर दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

काल कार्यकारिणीत ही चर्चा वाचून दाखवली. शब्दांवर मनाई करायची नाही असे ठरले. बोलणाऱ्याने मात्र उभे राहून आपले नाव सांगावे आणि आमदारांनी केलेली किंवा न केलेली एक तरी गोष्ट तारखेसह मांडावी, एवढा नियम केला. मागच्या रांगेतील ते गृहस्थही बैठकीला होते. ‘गद्दार’ हा शब्द मागे घेणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण पाण्याच्या नोंदीची वही पुढच्या वेळी तेच वाचून दाखवणार आहेत.

प्रतिवेदक काका, गेल्या दोन अधिवेशनांतील कामकाज कसे शोधायचे ते कळवाल का? आमदारांना पुन्हा निमंत्रण द्यायच्या आधी मला ते पाहून घ्यायचे आहे.